मराठी ब्लॉगसाठी ह्यूगोची थीम बदलायची आहे, सल्ला हवा

रानवाटा:
नमस्कार मंडळी. सह्याद्रीतल्या रानफुलांवर मराठीत लिहिते. ब्लॉग नुकताच ह्यूगोवर (साध्या मजकूर-फायलींपासून वेबसाइट बनवणारं साधन) हलवलाय. तयार थीम घेतली. इंग्रजीत ती सुरेख दिसते, पण मराठी मजकूर टाकला की शीर्षकातली शिरोरेषा प्रत्येक अक्षराला तुटते आणि उकार खालच्या ओळीत घुसतात. आहे तीच थीम दुरुस्त करावी की मुळापासून नवीन लिहावी? एचटीएमएल-सीएसएस बऱ्यापैकी येतं, ह्यूगो ज्या गो भाषेत लिहिलाय ती अजिबात नाही. फॉन्टही सुचवा.

खडीसाखर:
नवीन लिहायच्या भानगडीत आत्ता पडू नका. फक्त थीमच्या फोल्डरमधल्या फायलींना हात लावायचा नाही, नाहीतर पुढच्या अपडेटला बदल पुसले जातील. ह्यूगो आधी तुमच्या साइटच्या 'लेआउट्स'मध्ये बघतो, तिथे फाइल नसेल तरच थीमकडे जातो. तेव्हा जी बदलायची तेवढीच फाइल त्याच नावाने, त्याच मार्गाने आपल्याकडे कॉपी करा. गो येण्याची गरज नाही. एक मात्र बघा, ह्यूगोच्या ०.१४६ आवृत्तीपासून टेम्प्लेटची (पानांच्या साच्यांची) फोल्डररचना बदलली आहे, त्यामुळे जुने ट्युटोरियल जसेच्या तसे लागू होत नाहीत.

शाईपेन:
शिरोरेषा तुटते ती बहुतेक सीएसएसमधल्या 'लेटर-स्पेसिंग'मुळे, म्हणजे अक्षरांमधल्या जादा अंतरामुळे. रोमन शीर्षकांना ते शोभतं, देवनागरीचा त्याने सत्यानाश होतो. सगळीकडे 'नॉर्मल' करा. 'लाइन-हाइट' (ओळीची उंची) १.७५ ते १.८ ठेवा, वेलांट्या-उकारांना दोन्ही बाजूंनी जागा लागते. अवतरणांचं 'इटॅलिक'ही काढा. बहुतेक देवनागरी फॉन्टांत ते नसतंच, ब्राउझर अक्षरं नुसती कलती करतो.

आणि एचटीएमएल टॅगमधलं पानाची भाषा सांगणारं 'लँग' तपासा. काही थीममध्ये तिथे 'ईएन' (इंग्रजी) थेट लिहिलेलं असतं, ते 'एमआर' (मराठी) हवं. काही फॉन्टांत ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात, पण ब्राउझरला भाषा कळली तरच ती उमटतात. 'शेवरी', 'लाजाळू' असे शब्द लिहून आधी-नंतर बघा. मला हा बदल सगळ्यात मोलाचा वाटतो. आपलं लिखाण आपल्या वळणात दिसायलाच हवं.

फॉन्ट: मजकुराला 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता, शीर्षकांना तिरो देवनागरी मराठी. तिरोमध्ये ठळक वजन नाही, म्हणून शीर्षकांना 'फॉन्ट-वेट' ४०० द्या, नाहीतर ब्राउझर अक्षरं ओढूनताणून जाड करतो आणि जोडाक्षरं बुजतात.

रानवाटा:
लेटर-स्पेसिंगच होतं! काढल्याबरोबर शिरोरेषा सलग झाली. मनापासून आभार. महिने मात्र अजून इंग्रजीत येतात.

खडीसाखर:
टेम्प्लेटमध्ये 'डेट डॉट फॉरमॅट' असेल तिथे 'टाइम डॉट फॉरमॅट' वापरा आणि कॉन्फिगमध्ये मूळ भाषा 'एमआर' करा, 'जानेवारी' येईल. 'पुढे वाचा' वगैरे शब्द थीममध्ये मराठीत नसतील, तर साइटच्या 'आय-एटीन-एन' फोल्डरमध्ये 'एमआर डॉट यामल' करून लिहा. सीएसएससाठी वेगळी सोय असलेली थीम हवी असेल तर पेपरमॉड बघा, त्यात 'एक्सटेंडेड' फोल्डरमध्ये फाइल टाकली की पुरतं.

माळरान:
यात एक भर. प्रत्येक पोस्टला रोमन लिपीतला 'स्लग' (पत्त्यातलं पोस्टचं नाव) द्या. देवनागरी पत्ता कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की बऱ्याचदा टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ होते, आणि अशा लिंकवर लोक बिचकतात. जुन्या पोस्टचे पत्ते बदलणार असतील तर फ्रंट मॅटरमध्ये (पोस्टच्या फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत) 'अलायसेस', म्हणजे जुने पत्ते, लिहायला विसरू नका.