मृतदेहावरच्या अळ्या धुवून टाकायच्या की पुरावा म्हणून जपायच्या?

कुतूहल:
मृत्यूची वेळ म्हटलं की लोकांना शरीर किती थंड पडलंय आणि किती ताठरलंय एवढंच आठवतं, पण हे सगळं पहिल्या दोनतीन दिवसांपुरतं, नंतरचा हिशोब किड्यांकडे असतो. निळ्या-हिरव्या चमकदार माश्या दिवसा उघड्यावरच्या देहावर काही मिनिटांत येतात, डोळे, नाक, तोंड, जखमा इथे अंडी घालतात, मग अळीच्या तीन अवस्था, मग कोष. अळी कुठल्या जातीची, किती वाढलेली आणि तिथलं तापमान किती होतं हे कळलं की मागे मोजत जाता येतं. १९३५ साली स्कॉटलंडमध्ये एका घळीत दोन बायकांच्या देहांचे तुकडे मिळाले, रक्स्टन केस, तिथे अळ्यांच्या वयावरून १२ ते १४ दिवसांचा अंदाज दिला होता. इतकं जुनं शास्त्र असून अळ्या बघितल्या की घाण म्हणून धुवून टाकतात, याचा मला खरंच राग येतो. संशयास्पद मृत्यूत नमुने घेणं सक्तीचंच हवं!

दुसरी बाजू:
सक्तीला माझा ठाम विरोध. देह चादरीत गुंडाळलेला असेल, बंद खोलीत असेल, पाऊस असेल तर माश्या उशिरा पोचतात, रात्री तर सहसा अंडी घालतच नाहीत. अळ्यांचा गोळा झाला की तो स्वतःच गरम होतो, मग बाहेरच्या तापमानाचं गणित कुठे राहिलं? मेलेल्या माणसाने कोकेन घेतलं असेल तर अळ्या भराभर वाढतात. एवढी अनिश्चितता असताना कोर्टात कुणी छातीठोकपणे तारीख सांगितली आणि निर्दोष माणूस अडकला तर?

रानवाटा:
पण किडे मृत्यूची तारीख सांगतच नाहीत, ते फक्त अंडी कधी पडली ते सांगतात, म्हणजे मृत्यूला कमीत कमी इतका वेळ झालाय. माश्या उशिरा आल्या तर खरा काळ त्याहून जास्त, बस. आणि कोकेनचं म्हणता तर तेही अळ्यांमध्ये सापडू शकतं, देहात तपासण्यासारखं काही उरलं नसलं तरी, म्हणजे तुमचीच हरकत उलट बाजूने पुरावा होते.

दुसरी बाजू:
"कमीत कमी" सुद्धा नेहमी खरं नाही हो. अंथरुणाला खिळलेल्या, कुणी बघत नसलेल्या माणसाच्या जखमेत जिवंतपणीच अळ्या पडतात, मग अळीचं वय मृत्यूच्या आधीपासूनचं निघतं.

कुतूहल:
हे एकदम मान्य, पण अशा वेळी त्याच अळ्या त्या माणसाची किती दिवस हेळसांड झाली ते सांगतात, म्हातारी माणसं आणि लहान मुलांच्या बाबतीत याहून महत्त्वाचा पुरावा कुठला? तो पण धुवून टाकायचा का? आणि घ्यायचं तरी किती, थोड्या अळ्या कडकडीत गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवायच्या, थोड्या जिवंत ठेवून माशी होईपर्यंत वाढवायच्या म्हणजे जात पक्की कळते. आसपासची माती चाळून कोषही शोधायला हवेत, कारण मोठ्या झालेल्या अळ्या देह सोडून लांब जातात आणि सगळ्यात जुनी पिढी तिथेच असते.

रानवाटा:
+१. जिवंत अळ्यांच्या डबीवर वेळ आणि तापमान लिहायला विसरले तर सगळं वाया.

दुसरी बाजू:
नमुने घ्या, त्याला ना नाही. पण घटनास्थळी पुढचे काही दिवस तापमान नोंदवून ते जवळच्या हवामान केंद्राच्या आकड्यांशी ताडून बघितल्याशिवाय कुणी मृत्यूच्या वेळेबद्दल मत देऊ नये, आणि रिपोर्टमध्ये एक तारीख नको, "अमुक ते तमुक" असाच काळ हवा. हे नियमात घालणार असाल तर सक्तीलाही माझी हरकत नाही.