काकुमाच्या छावणीत बादली-ठिबक: पाणी पुरेल का?

कोरडवाहू:
मंडळी, जरा मदत हवीय. पुढच्या महिन्यात एका संस्थेच्या कामावर केनियाला चाललोय, काकुमा आणि शेजारची कालोबेयेई वसाहत. काकुमाची निर्वासितांची छावणी १९९२ पासूनची, कालोबेयेई २०१६ ची, दोन्ही तुर्काना भागात, म्हणजे पाऊस वर्षाला दोनशे-तीनशे मिमी आणि तोही त्याच्या मनात आलं तर. रेशन कमी होत चाललंय म्हणून घराशेजारी भाजीपाला करायचा असा प्रकल्प आहे, ४०० कुटुंबांना बादली-ठिबकचं किट. २० लिटरची बादली मीटरभर उंचावर ठेवायची, खाली १५-१५ मीटरच्या दोन नळ्या. कागदावर झकास दिसतंय, पण मी आयुष्यात साधी मेथी लावलेली नाही, माझं काम हिशेबाचं. हे खरंच चालतं का, आणि तिथे गेल्यावर मी आधी काय बघू?

पाटकरी:
हिशेबाचं काम करता ना, मग पाण्याचाच हिशेब करा. १ चौरस मीटरवर १ मिमी पाणी म्हणजे १ लिटर. त्या उन्हात भाजीला दिवसाला ५ मिमी तरी पाहिजेच. १५ मीटरच्या दोन ओळी, प्रत्येकीची अर्धा मीटर ओल धरली तर झाले १५ चौरस मीटर, म्हणजे रोज ७५ लिटर, एक बादली नव्हे, पावणेचार बादल्या. त्याला ४०० ने गुणा. ३०,००० लिटर! छावणीत माणशी २० लिटरचा हिशेब धरतात, अगदी आणीबाणीत १५, म्हणजे तुमची किटं रोज दीड हजार माणसांचं पाणी पिणार. हे कुठून येणार ते कागदात लिहिलंय का? आणि नळकोंडाळ्यावरून आणायचं असेल तर एक भरलेला जेरीकॅन २० किलोचा, तो घरातली बाई किंवा पोरगीच आणणार, संस्थेचा साहेब नाही.

खुरपं:
पाटकरींना +१. मी पूर्व आफ्रिकेत अशाच एका कामावर दोन हंगाम होते. किट वाटली तेव्हा फोटो वगैरे सगळं झालं, तीन महिन्यांनी फिरले तर बादली पिण्याच्या पाण्याला लावलेली आणि नळीवर कपडे वाळत घातलेले. मला तेव्हा राग आला, आता वाटतं बरोबरच केलं की त्यांनी. नळ्यांची भोकं वाळूने आणि क्षाराने चोक होतात, बादलीच्या तोंडाला साधं फडकं बांधलं तरी फरक पडतो पण ते कुणी सांगितलंच नव्हतं, आणि नळी फाटली तर जोडायचा कनेक्टर जवळपास कुठे मिळत नव्हता.

तिकडे जे टिकतं ते म्हणजे खोल वाफे. जमीन उंच न करता उलट वीतभर खाली खणायची, कडेला मातीचा बांध, म्हणजे ओतलेला तांब्याही आतच राहतो आणि पाऊस पडलाच तर तोही. कालोबेयेईत हे लोक करतातच, भेंडी, चवळीचा पाला, राजगिरा. आणि पोत्यातली बाग. रेशनचं रिकामं पोतं, तेलाचा तळ कापलेला डबा मधोमध ठेवायचा, त्यात खडे भरायचे, भोवती माती, मग डबा वर ओढून पुन्हा खडे, असं करत पोतं भरलं की मधे खड्यांचा खांब तयार, पाणी त्यातून तळापर्यंत जातं. बाजूला भोकं पाडून सुकुमा लावायची (तिकडची केलसारखी पालेभाजी, रोजच्या जेवणातली).

पाणी आंघोळीचं आणि भांड्यांचं. पाच माणसांच्या घरातून २५-३० लिटर निघतं असं धरा, म्हणजे ५-६ चौरस मीटर, तुमच्या १५ च्या निम्मंही नाही. साबणाचं पाणी पानावर नको, बुडाशी घाला, आणि अधूनमधून साधं पाणी सोडा नाहीतर वर पांढरे क्षार साचतात.

कोरडवाहू:
बापरे. ३०,००० लिटरचा आकडा कागदात कुठेच नाहीये, शोधून बघितला. मग रेशनला पर्याय वगैरे लिहिलंय ते?

पाटकरी:
ते खोडाच. रेशनचं माप दिवसाला माणशी २१०० कॅलरीचं, ती धान्य-डाळ-तेलातून येते, ५ चौरस मीटरच्या पाल्यातून नाही. पाल्यातून जीवनसत्त्वं आणि लोह मिळतं, शिवाय भाजी घ्यायला रेशन विकावं लागत नाही, आणि तेही कमी नाहीये.

धान्य पिकवायचं तर जमीन आणि नदी दोन्ही लागतं. इथिओपियात डोलो अडो इथे सोमाली निर्वासितांसाठी गेनाले नदीवरून पाट काढलेत, आयकिया फाउंडेशनच्या पैशातून, आणि सहकारी गट निर्वासित आणि स्थानिक लोकांचे मिळून. मका, कांदा निघतो. पण तिथे बारमाही नदी आहे हो. काकुमाची ‘ताराच’ नदी पाऊस झाला की वाहते आणि मग नुसती वाळू. युगांडात बिडीबिडीच्या निर्वासित वसाहतीत घरटी ३० बाय ३० मीटरचा तुकडा दिला गेला, तिथे पाऊसही बरा. एका ठिकाणचं उचलून दुसरीकडे चिकटवलं की पाट काढायचा कागदावरच.

खुरपं:
आणि शेळ्या! तुर्काना लोक पशुपालक आहेत, हिरवं दिसलं की शेळी आलीच, त्यात तिचा काय दोष. कुंपणाला काटेरी फांद्या लागतात आणि जळणावरून तिथे स्थानिक लोक आणि छावणीवाल्यांत आधीच कुरबुर असते. तेव्हा फांद्या कुठून तोडायच्या ते स्थानिक लोकांशी आधी बोला, बोअरचं पाणी वापरणार असाल तर त्यांच्या जनावरांना हौद ठेवा. आमच्याकडे हौद शेवटी बांधला, तोवर दोन बागा साफ झाल्या होत्या.

कोरडवाहू:
साहेबांना मेल टाकला आत्ताच. ४०० किटऐवजी ४० लावून बघू, बाकी पैसे खोल वाफे, पोती आणि एका हौदासाठी. उत्तर आलं, "किटची ऑर्डर गेली." आता उरलेल्या ३६० बादल्यांचं काय करू?

खुरपं:
वाटून टाका, पिण्याच्या पाण्याला झाकणाची बादली कुणाला नको असते. नळ्या मात्र ठेवा, चाळीस जणांना सुट्या भागांना होतील. आणि कनेक्टर इथूनच पिशवीभर घेऊन जा.