'स्वतंत्र सरकारी वकील'?

सराफबाजार : दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणावरचा लेख मराठीत आणतोय. मे १९७३ मध्ये आर्चिबाल्ड कॉक्स यांना 'स्पेशल प्रॉसिक्युटर' हे जे पद दिलं, त्याला मी 'स्वतंत्र सरकारी वकील' लिहिलं. संपादक म्हणाले, अहो, सरकारी तर स्वतंत्र कसा? काय लिहू?

रामकुंड : 'विशेष अभियोक्ता'. शासनाचा शब्द तयार आहे. विषय संपला.

मेहेरसिग्नल : संपला कसा? नाशकात सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात अख्खी नोकरी केली, 'अभियोक्ता' फक्त पाटीवर वाचला. तोंडी कायम 'पीपी साहेब', म्हणजे पब्लिक प्रॉसिक्युटर. एकदा एका म्हातारबाबांनी ती पाटी लावून लावून वाचली आणि मला म्हणाले, "भाऊ, हे अभियंता किती वाजता येत्यात? पाटाच्या पाण्याचा अर्ज द्यायचाय."

रामकुंड : मग 'उद्योग'ही टाकून द्या, तोही 'अभियोक्ता'सारखा 'युज्' धातूचाच.

सराफबाजार : अडचण पाटीची नाही हो. आपला सरकारी वकील तपास करत नाही, ते काम पोलिसांचं. कॉक्स तपासच करत होते, थेट राष्ट्राध्यक्ष निक्सनकडे ध्वनिफिती मागत होते. २० ऑक्टोबरला त्यांना काढायचा हुकूम आला. ॲटर्नी जनरल आणि त्यांचे उपप्रमुख दोघांनी नकार देऊन खुर्ची सोडली, तिसऱ्या क्रमांकावरच्या सॉलिसिटर जनरल बोर्कनी काढलं. 'वकील' म्हटलं की यातलं काहीच डोळ्यांपुढे येत नाही.

गोदाकाठ : अमेरिकनांनाही शब्द कुठे पचला? १९७८ च्या कायद्यातला 'स्पेशल प्रॉसिक्युटर' १९८३ मध्ये बदलून 'इंडिपेंडंट काउन्सेल' केला, कारण आधीच्या नावानेच समोरचा गुन्हेगार वाटायचा. १९९९ ला तो कायदाही सरला. 'तपासी वकील' म्हणा की! 'तपासी अंमलदार' आहेच.

रामकुंड : 'वकील' अरबी, 'अंमलदार'मध्ये अरबीला फारसी शेपूट. छान.

मेहेरसिग्नल : 'फिर्याद'ही फारसी, मूळ अर्थ आर्त हाक. काढून दाखवा ती कोर्टातून. आमचे जुने शिरस्तेदार तर 'फिर्याद गुदरली' म्हणायचे.

गोदाकाठ : गुदरतो तो प्रसंग! फिर्याद दाखल होते.

मेहेरसिग्नल : अर्जही गुदरतो. जुने दस्त काढून बघा.

सराफबाजार : मंडळी, अंक परवा छपाईला जातोय.

गोदाकाठ : थांबा हो. आमची आजी संकटच गुदरलं म्हणायची, अर्ज कधीच नाही.

मेहेरसिग्नल : आजी कोर्टाची पायरी चढल्या होत्या का कधी?