आधी पुरावा, मग ब्लॉक
मुलांना ऑनलाइन कुणी त्रास दिला की ‘मोबाईल काढून घ्या’ असा सल्ला मिळतो; तो उलटा पडतो. मोबाईल जाईल या भीतीनेच मुलं घरी काही सांगत नाहीत. वर्गात क्रम घोटून घ्या: उलट उत्तर नाही, तारीख-वेळ आणि खात्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट, प्रोफाइलची लिंक वहीत, मग रिपोर्ट, शेवटी ब्लॉक. रागाच्या भरात चॅट पुसली की तक्रारीला आधार उरत नाही. अपवाद एकच, आणि नेमका तोच शिकवायचा राहतो: अल्पवयीन मुलाचा नग्न फोटो असेल तर स्क्रीनशॉट नको, बाईंनाही फॉरवर्ड नको. आयटी कायद्याच्या कलम ६७बी खाली तोही गुन्हा ठरू शकतो. फक्त लिंक लिहून घ्या आणि थेट गोव्यातलं रायबंदरचं सायबर पोलीस स्टेशन किंवा १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन गाठा. (१९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.)