लँडस्केप डिझाइनचा हात आणि नजर कशी तयार होते? – अनुभव धागा

बकुळ (धागाकर्ती)
नव्या वर्गांचे डिझाइन स्टुडिओ सुरू झालेत. प्लॅनवर, म्हणजे वरून पाहिलेल्या नकाशावर, डौलदार वळणं, हिरवे गोल, मधोमध कारंजं. आणि जूरीत, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, पहिलाच प्रश्न येतो, ‘इथे उभं राहिल्यावर काय दिसतं?’ तिथे मुलं अडकतात आणि कल्पकता आपल्या अंगातच नाही असं धरून बसतात. मला ते अजिबात पटत नाही, ती सरावाने येते. तर मुंबईत शिकणाऱ्यांना उपयोगी पडेल असा सराव इथे लिहा. मापं, साहित्य, काय बिघडतं आणि का, हे सगळं हवं. कॉलेजच्या आठवणी नकोत.

कातळ
प्लॅनच्या आधी सेक्शन, म्हणजे जमीन उभी कापल्यासारखा छेद, काढा. १:२०० ला (कागदावर १, जागेवर २००) साइटच्या आरपार किमान तीन रेषा घ्या, प्रत्येकीत माणूस दाखवा आणि त्याच्या डोळ्याची उंची दीड मीटर धरा. मग प्लॅनला हात लावा.

उदाहरण घ्या. दोन लेव्हलमध्ये ७५० मिलिमीटरचा फरक आहे. १५० चा चढ आणि ३३० ची पायरी धरली तर पाच चढ आणि मधल्या चार पायऱ्यांत काम होतं, लांबी जेमतेम १.३ मीटर. तोच फरक १:१२ च्या रॅम्पने घेतला तर ९ मीटर लागतात, शिवाय वर-खाली दीड-दीड मीटरची सपाट जागा. प्लॅनवर चार मीटरचा रॅम्प रंगवलेला मी कितीतरी शीटवर बघतो. हे ९ मीटर आधीच हातात असले की रॅम्प मागाहून चिकटवावा लागत नाही. त्याच्या कडेने ४५० उंचीची बसायची भिंत निघते, वळणावर झाड बसतं. डिझाइन तिथूनच सुरू होतं.

सरावासाठी वाळकेश्वरचं बाणगंगा तळं घ्या. गल्लीपासून पाण्यापर्यंतचा सेक्शन १:१०० ला काढा: पायऱ्यांचे चढ, मधले टप्पे, काठावरच्या घरांची जोती. लेव्हल मोजायला गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते, दहा मीटर लांब. नळीत हवेचे बुडबुडे राहिले तर पाणी दोन्ही टोकांना एका पातळीवर येत नाही आणि सगळे आकडे खोटे पडतात. म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी जुळतंय का ते पाहा, मगच मोजायला लागा.

पागोळी
कातळ यांच्या सेक्शनमध्ये पाणी घाला. जुलैत छत्री घेऊन साइटवर जा आणि पाणी कुठून येतं, कुठे थबकतं, कुठे माती वाहून नेतं ते बाणांनी नकाशावर उतरवा. उन्हाळ्यातल्या साइट व्हिजिटवर काढलेला ड्रेनेज प्लॅन हा अंदाज असतो.

मग हिशेब. १००० चौरस मीटर फरसबंदीवर तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १०० घनमीटर पाणी. त्यातलं नव्वद टक्के वाहून येतं असं धरा, ९० घनमीटर. ३०० मिलिमीटर खोल रेन गार्डनला (पावसाचं पाणी धरून जिरवणाऱ्या खोलगट बागेला) तेवढ्यासाठी ३०० चौरस मीटर जागा लागेल. शीटवर मात्र कोपऱ्यात वीस चौरस मीटरचा ठिपका असतो! मुंबईत अजून एक अडचण आहे. भरतीला समुद्र बऱ्याच नाल्यांच्या मुखापेक्षा वर चढतो, त्या वेळी पाणी बाहेर जाऊच शकत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढ्यासाठी बाग कुणी बांधत नाही, पण ओहोटी लागेपर्यंत काही तास पाणी धरून ठेवणारी जागा नक्की बांधता येते. खेळाचं मैदान ४०० मिलिमीटरने खाली घेणं, काठाला बसायच्या पायऱ्या करणं, ही कल्पना या आकड्यांतूनच सुचते.

मुरण्याची चाचणी सोपी आहे. ३०० बाय ३०० मिलिमीटरचा तेवढाच खोल खड्डा घ्या. एकदा पाणी भरून पूर्ण जिरू द्या, दुसऱ्यांदा भरा आणि तासाला किती मिलिमीटर उतरतं ते पट्टीने बघा. पहिल्या भरण्याचा आकडा धरू नका, कोरडी माती पाणी भसाभस पिते. सखल भागात मे आणि ऑगस्टचे आकडे वेगळे येतात, कारण पावसात भूजल वर आलेलं असतं. ऑगस्टचा आकडा धरा.

उंडी
झाडं म्हणजे गोल काढणं नव्हे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. तिथे बसून एकेक झाड १:१०० ला माणसासकट उभं काढा: खोड कुठे फुटतं, खालून वाकून जावं लागतं का, सावली दाट की चाळणीसारखी. तेच झाड फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये पुन्हा काढा. सावर आणि पांगारा निष्पर्ण होऊन फुलतात, म्हणजे उन्हं तापायला लागतात तेव्हाच त्यांची सावली नाही. बहावा, ताम्हण एप्रिल-मेचे. सप्तपर्णीचा दरवळ पावसाळा सरल्यावर.

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यासमोर भेंड, उंडी, करंज पुढच्या रांगेत लावा, नाजूक झाडं त्यांच्या आडोशाला. पर्जन्यवृक्षाचा घेर वीस मीटरच्या पुढे जातो, तो तीन मीटरच्या फुटपाथवर दाखवू नका.

पोडियमवरच्या, म्हणजे इमारतीच्या खालच्या मजल्यांच्या छतावरच्या, बागेत वजन विसरलं जातं. एक घनमीटर ओली माती १८०० किलोच्या आसपास भरते. लॉनला ३०० मिलिमीटर माती पुरेल, झुडपांना ४५० ते ६००, झाडाला मीटरभर तरी हवं, तेही खांबाच्या डोक्यावर. मलबार हिलचं फिरोजशाह मेहता उद्यान पाण्याच्या टाकीवर आहे. तिथे मोठी झाडं कुठे आहेत आणि नुसती छाटलेली झुडपं कुठे, हे या नजरेने फिरून बघण्यासारखं आहे.

शाडू
मॉडेलबद्दल थोडंसं. कंटूर म्हणजे समान उंचीची रेषा, मॉडेलमध्ये बोर्डाचा एकेक थर. १:२०० ला अर्ध्या मीटरचा कंटूर म्हणजे २.५ मिलिमीटर जाडी. बाजारात ३ मिलिमीटरचा सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड) सहज मिळतो म्हणून तोच वापरला तर आठ कंटूरांत चार मीटरची टेकडी ४.८ मीटरची होते आणि सेक्शनशी जुळत नाही. ५ चा बोर्ड घेऊन १:१०० ला करा, किंवा १:२०० लाच ठेवून कंटूर एक मीटरचा घ्या. पावसाळ्यात माउंटबोर्ड (जाड पुठ्ठा) पाण्याच्या गोंदाने फुगतो, म्हणून गोंद कडेला पातळ लावून रात्रभर वजनाखाली ठेवा.

आकार शोधताना मात्र बोर्ड कापूच नका, शाडू घ्या. गणपतीआधी लालबाग-परळला सहज मिळतो. प्लायवर १:५०० ला जमीन घडवा, हवी तिथे तारेने आरपार कापा, सेक्शन समोर. फोटो काढा, पुन्हा दाबा. काम थांबवताना ओलं फडकं टाका, नाहीतर सकाळी भेगा.

सावली
उन्हाचे आकडे पाठ हवेत. मुंबईत सूर्याची मध्यान्ह घड्याळात वर्षातला बहुतेक काळ साडेबारानंतर होते. २१ डिसेंबरला तेव्हा सूर्य साधारण ४७.५ अंशांवर असतो, १० मीटरच्या भिंतीची सावली उत्तरेकडे ९ मीटरच्या वर पडते. मेच्या मध्याला तो थेट डोक्यावर, त्याच भिंतीची सावली जवळपास शून्य. त्यामुळे ‘इमारतीच्या सावलीतला चौक’ मे महिन्याच्या दुपारी चालत नाही. वर झाड किंवा मांडव हवा.

एकाच साइटचे तीन पर्याय बटर पेपरवर (आरपार दिसणाऱ्या कागदावर) काढा: पहिला फक्त लेव्हलवरून, दुसरा फक्त पाण्यावरून, तिसरा फक्त सावलीवरून. मग तिन्ही कागद एकावर एक ठेवा. रेषा जिथे भांडतात तिथेच थांबून काम करा.

शेवंती
कातळदादा, नळीने एकटीला माप घेता येतं का? साइटवर सोबतीला दर वेळी कुणी नसतं.

कातळ
येतं. एक टोक पट्टी लावलेल्या काठीला किंवा रेलिंगला बांधा. मात्र तुम्ही दुसरं टोक खाली-वर केलंत की बांधलेल्या टोकाचं पाणीही सरकतं, म्हणून दर वेळी परत जाऊन दोन्हीकडचे आकडे वाचा आणि वजाबाकी करा. पाणी स्थिरावायला मिनिटभर थांबा. पाण्यात शाईचा थेंब टाका, उन्हात वाचायला सोपं जातं.