खंड्याचा निळा मळका का होतो

पांढऱ्या गळ्याचा खंड्या (किंगफिशर) जलरंगात रंगवताना त्याचा निळा मळका का होतो, असा प्रश्न एकाने विचारला. बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो, घाईचा असतो. शेजारचा, डोक्या-पोटाचा चॉकलेटी ओला असताना निळा लावला की दोन्ही मिसळून राखाडी होतात. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) गुळगुळीत कागद घ्या. आधी थॅलो टर्क्वाइज या हिरवट निळ्याचा पातळ हात, चकाकीच्या जागी कागद कोराच. पूर्ण वाळल्यावर सावलीत कोबाल्ट निळा. गडद जागांसाठी तयार काळा रंग नको, अल्ट्रामरीन निळ्यात किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) पुरतो. पंखाच्या मधल्या आच्छादन पिसांचा (पंखाचा वरचा भाग झाकणारी छोटी पिसं) काळा पट्टा मात्र हवाच, त्यानेच शेजारचा निळा उठतो. आणि पाय! पुढची बाहेरची व मधली बोटं बुडाशी जोडलेली असतात. चिमणीसारखी सुटी काढू नका.