मदत हवी आहे : कर्णबधिर मुलीला पगारपत्रकावर घ्यायचंय, वडील म्हणतात अनुदान बंद होईल (नाशिक)

नमस्कार मंडळी,

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा मसाल्याचा छोटा गाळा आहे. मी आणि माझी जाऊ मिळून चालवतो. कांदा-लसूण मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी असा माल असतो. कामाला अकरा बायका आहेत.

गेले आठ दिवस एक २२ वर्षांची मुलगी पॅकिंगला येतेय. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. दिव्यांगत्वाचं कार्ड आहे, दहावी झाली आहे. सध्या रोजच्या हजेरीवर आहे, पण तिला कायम ठेवायचं हे माझं तिसऱ्या दिवशीच ठरलं. पाऊच सील होऊन मशीनमधून बाहेर आला की ती त्याच्या सीलच्या पट्टीवरून अंगठा फिरवते. मसाल्याची भुकटी पट्टीत अडकली तर तिथं सील नीट धरत नाही, आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिनं बाजूला काढलेले पाऊच मी बादलीत पाण्याखाली दाबून बघितले, बहुतेक सगळ्यांतून बुडबुडे आले. हा माल एरवी दुकानापर्यंत जाऊन परत आला असता.

बाकी अडचणी आम्ही सोडवत चाललोय. चक्की सुरू करायच्या आधी घंटा वाजते, ती तिला कळायची नाही म्हणून वायरमनकडून तिच्या टेबलासमोर लाल दिवा बसवून घेतला. मागून खांद्याला हात लावला की ती दचकायची, आता बायका टेबलावर थाप मारतात. हे सगळं दीड हजारात झालं.

खरा पेच वेगळाच आहे. तिला संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मिळतं. त्यात दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. मी तिला महिना साडेचौदा हजार देणार, म्हणजे चार महिन्यांतच मर्यादा ओलांडली जाणार. वडील हात जोडून म्हणाले, "ताई, पगार रोख द्या, थोडा कमी दिला तरी चालेल, पण नाव कुठं चढवू नका."

ते मला करायचं नाही. एकतर किमान वेतन तिलाही तेवढंच लागू आहे, ऐकू येत नाही म्हणून हात कमी चालतात असं थोडंच आहे! दुसरं म्हणजे सीलिंग मशीनची पट्टी तापलेली असते. उद्या हात भाजला आणि नाव ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विम्यात) नसेल, तर कुठं धावायचं? शिवाय दिव्यांग कामगाराला २५,००० पर्यंतच्या पगाराला ईएसआय मिळतं (इतरांना २१,०००), आणि मालकाचा हिस्सा केंद्र सरकारनं भरायची योजना २००८ पासून आहे. म्हणजे नाव चढवायला मला काही जड जाणार नाही. तिच्या पगारातून व्यवसाय करही कापला जाणार नाही.

पण वडिलांचं म्हणणंही मला उडवून लावता येत नाही. ते म्हणाले, "तुमचं काम मंदावलं तर? अनुदान एकदा बंद झालं की परत चालू करायला तहसीलच्या चकरा मला मारायच्या आहेत." गेल्या पावसाळ्यात मागणी पडली तेव्हा मी दोन बायकांना दोन महिने घरी बसवलं होतं. त्यामुळे छातीठोकपणे "तुमच्या मुलीला कधीच घरी बसवणार नाही" असं मी म्हणू शकले नाही.

मुलीला काय हवंय तेही सांगते. आम्ही पाठकोऱ्या कागदावर लिहून बोलतो. परवा तिनं लिहिलं : "माझा पगार माझ्या खात्यात पाहिजे. पप्पा काळजी करतात. मी येणार." आणि 'माझ्या' या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली.

तर ज्यांनी आपल्या दुकानात, वर्कशॉपमध्ये, बेकरीत दिव्यांग माणूस कामाला ठेवलाय, किंवा ज्यांच्या घरातलं कुणी असं कामाला लागलंय, त्यांनी कृपया सांगा. नोकरी लागल्यावर तहसील कार्यालयाला आपणहून कळवलंत का, की पुढच्या उत्पन्नाच्या दाखल्याच्या वेळी ते आपोआप पुढं आलं? आणि काम सुटल्यावर कुणाचं अनुदान परत चालू झालंय का? किती महिने लागले, कोणते कागद लागले? मालकानं कामावरून कमी केल्याचं पत्र दिलं तर त्याचा काही उपयोग होतो का? होत असेल तर मी तसं लिहून द्यायला आजच तयार आहे.

आणखी एक, नाशिकमध्ये आमच्या बायकांना संध्याकाळी तासभर खुणांची भाषा शिकवेल असं कुणी माहीत असेल तर कळवा. शिकवणीचे पैसे आम्ही देऊ. दोघीतिघी स्वतःहून शिकतो म्हणाल्या आहेत, आणि दर वेळी कागद-पेन शोधत बसणं चालत्या मशीनवर बरं नाही.

तिचे वडील रविवारी घरी येणार आहेत. त्याआधी कुणी अनुभव लिहिला तर त्यांच्यासमोर ठेवायला माझ्याकडे काहीतरी असेल.